तीन पावलं डावीकडे

१

सकाळी साडेनऊला मी सात बघते. गेली बावीस वर्षं बघते आहे.

माझं दुकान तिसऱ्या मजल्यावर आहे, एकच लांबट खोली. खिडकीपाशी कामाचं टेबल, टेबलाला पक्का बसवलेला लोखंडी चिमटा, आणि खिडकीतून सरळ समोर, मोजून चारशे मीटरवर, वापरात नसलेली पाण्याची टाकी. टाकीच्या पोटावर पांढऱ्या रंगात भला मोठा सात काढलेला आहे. बाकीच्या सहा टाक्या कुठे गेल्या, ते मला माहीत नाही. टाकीवरून एक लोखंडी शिडी जमिनीपर्यंत उतरते. भोवती भिंत आहे आणि फाटकाला कुलूप आहे.

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी मी दुरुस्त करते. लोक त्यांना स्कोप म्हणतात, मीही म्हणते. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या खांद्यावरून आत डोकावतं, कारागीर कुठे बसलाय म्हणून. मी सांगते, दुसरं कुणी नाही, आणा इकडे. आलेला स्कोप मी लगेच उघडत नाही. तीन दिवस, रोज त्याच वेळी, चिमट्यात बसवायचा, सातावर लावायचा आणि आतली फुली जागची हलते का ते बघायचं. थंडीने धातू आकसतो, उन्हाने फुगतो. आत काही खोटं असेल तर तीन दिवसांत ते बाहेर पडतं. आधी बघायचं, मग उघडायचं, हा माझा नियम. आयुष्यात एकदाच मोडला, त्याचं पुढे सांगते.

त्या सोमवारी चिमट्यात जुनाटरावांचा स्कोप होता. जुनाटराव हे नाव मीच ठेवलेलं. जमिनी मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि आता जुने, एकाच ताकदीचे स्कोप जमवतात.

"ताई, या नव्या स्कोपांत काय आहे, सांगा," ते दर वेळी म्हणतात. "कडं फिरवा, तीनपट. अजून फिरवा, अठरापट. आतली भिंगं सारखी मागेपुढे. आणि हा बघा. दहापट म्हणजे दहापट. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. घरातल्या बायकोसारखा."

"बायकोला सांगितलंत का हे?"

"अजून जीव प्यारा आहे."

पण माणूस खोटं बोलत नाही. जुना दहापटीचा स्कोप हातात घेतला की कळतं. वजन भरीव, नळी जाड, वरचं बटण फिरवलं की टक, टक, प्रत्येक टक वेगळी ऐकू येणारी. आतल्या फुलीच्या रेघांवर ठिपके असतात. नव्या स्कोपांत बहुधा पट बदलला की ठिपक्यांचा हिशेब बदलतो. जुन्यात तो कायम. माणसाची उंची माहीत असली की तो किती ठिपक्यांत बसतो त्यावरून अंतर निघतं, आणि ते अंतर खरं असतं. माझा थोरला भाऊ, दादा, म्हणायचा, "जे सरकत नाही, ते दगा देत नाही." आमच्या दुकानाची पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा हेच वाक्य लिहायचं ठरलं होतं.

मी डोळा लावला. सात दिसला, स्वच्छ. शिडी दिसली. आणि शिडीच्या डावीकडे तीन पावलांवर एक माणूस उभा होता.

२

माणूस उभा असण्यात काही विशेष नाही. कुलूप तोडून कुणी आत गेला असेल, पालिकेचा कुणी मोजमाप घेत असेल. सवयीने मी त्याला मोजला. पायापासून डोक्यापर्यंत सव्वाचार ठिपके. चारशे मीटरवर सव्वाचार म्हणजे पाच फूट सात इंच. तोंड माझ्या दिशेला, उजवा हात छातीवर.

वहीत फुलीची नोंद केली आणि शेजारी ठेवलेला दुसरा स्कोप उचलून सहज तिकडे लावला. शिडी होती. माणूस नव्हता.

गेला असेल म्हणून पुन्हा चिमट्यातल्या स्कोपाला डोळा लावला. तो तिथेच होता. हातही छातीवरच होता.

मी घाबरट बाई नाही. काचांचं काम करणाऱ्याला काचा काय काय दाखवतात ते ठाऊक असतं. आत बुरशी धरते, तिचे धागे झाडासारखे दिसतात. भिंगाचा लेप उडाला की उजेडाचे डाग पडतात. म्हणून मी स्कोप चिमट्यात सैल करून थोडा फिरवला. आत घाण असेल तर ती नळीबरोबर फिरते. फुली तिरकी झाली. माणूस उभाच राहिला. मग पुढच्या भिंगावर रबरी झाकण बसवलं. सगळं काळं. झाकण काढलं, माणूस परत. म्हणजे तो काचेत नव्हता, बाहेरून येत होता. मी खिडकीची तावदानं पुसली, चष्मा पुसला, चहा करून घेतला. वय झालं की डोळे थट्टा करतात, असं स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

दुपारभर मात्र मी खिडकीकडे पाठ करून बसले. डावीकडे तीन पावलं. हे अंतर मला माहीत होतं.

३

दुकान तिघांचं होतं. मी दुरुस्त करायची, दादा रायफलीवर चढवून चालवून बघायचा, आणि माझा नवरा नेम वाचायचा. गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर चारशे मीटरवर लोखंडी पाटी टांगलेली असायची. दादाची गोळी पाटीवर कुठे लागली ते नवरा तिथून हाताच्या खुणांनी सांगायचा. खूण दिसली की दादा डावा हात वर करायचा. म्हणजे, दिसलं. मग पुढची गोळी. दिवसदिवस दोघं असे न बोलता बोलत असायचे. गिऱ्हाइकांनी नवऱ्याचं नाव पाटीवाले ठेवलं होतं, आणि थट्टेत मीही त्यांना तेच म्हणू लागले.

पाटीवाले आडोशाला उभे राहत नसत. पाटीपासून डावीकडे तीन पावलांवर, उघड्यावर. आमच्या दुकानाची जाहिरातच ती. हिने जुळवलेला स्कोप सरकत नाही, यावर आमचा किती विश्वास आहे बघा. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. आज कुणी असं करताना दिसलं तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन. तेव्हा मात्र मीच कौतुकाने बघत असायचे.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी सकाळी दोघंच मैदानावर गेले. स्कोप दहापटीचा, आदल्या दिवशी मीच जुळवलेला. गोळी पाच ठिपके डावीकडे गेली. पाच ठिपके म्हणजे तीन पावलं.

चौकशी झाली. दादाने सांगितलं, मी पाटीवर नेम धरला होता, स्कोप सरकला. त्याने तो उघडून बघितला होता, आतली कडी निसटलेली होती. ती कडी त्याने चौकशीवाल्यांना दाखवली. मला दाखवायला आणली तेव्हा मी तोंड फिरवलं. माझा नियम मोडला तो इथे. बावीस वर्षांत बघायची ती एकच गोष्ट मी बघितली नाही. स्कोप पुन्हा माझ्या नजरेला पडू नये म्हणून त्याने तळ्यात टाकून दिला.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. आजीकडे राहायला गेली, ती परत आली नाही. आईच्या हातून बाबा गेले, एवढं तिला पुरेसं होतं, आणि मला तरी त्यावर काय म्हणता येणार होतं? वर्षातून एकदा तिचा फोन येतो. "बरी आहेस ना?" विचारते. आई म्हणत नाही.

माझ्याजवळ राहिला तो दादा. दर रविवारी दुपारी दुकानात जेवायला येतो, डबा मी आणते. निघताना डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "हातून होतं एखाद्याच्या, छोटे. मी नाही धरलं मनात, तूही धरू नकोस." ज्याच्या हातात रायफल होती त्यानेच मला माफ केलं होतं. त्या माफीवर मी अकरा वर्षं काढली. देवळात गेले नाही, पण रविवार चुकवला नाही.

४

मंगळवारी सात तेवढाच होता, शिडी तेवढीच होती. माणूस सहा ठिपक्यांचा झाला होता.

दहापटीचा स्कोप पट वाढवू शकत नाही. वाढवायला त्यात काही नाहीच. माणूस मोठा दिसत असेल तर तो जवळ आलेला असतो. मी हिशेब केला आणि वहीत लिहिला नाही.

बुधवारी साडेआठ ठिपके. चारशेचे बरोबर निम्मे, दोनशे मीटर. टायरच्या दुकानासमोर, रस्त्याच्या मधोमध. नुसत्या डोळ्यांनी तिथे कुणी नव्हतं. पण एक सायकलवाला सरळ येता येता त्या जागी बाजूला वळून गेला. का वळलास, असं खाली धावत जाऊन त्याला विचारावंसं वाटलं. तोवर तो कोपऱ्यापलीकडे गेला होता.

तीन दिवस संपले होते. फुली केसभरही हलली नव्हती. नियमाप्रमाणे गुरुवारी स्कोप उघडायला हवा होता. मी उघडला नाही, डोळा लावला.

मोजायला ठिपके पुरेनात. मानेपासून कमरेपर्यंतचाच भाग गोलात मावत होता. जुना स्कोप इतक्या जवळचं धुरकट दाखवतो, समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे नुसते डाग दिसत होते. सदरा मात्र लख्ख होता. निळ्या रेघांचा सदरा. वरून दुसरं बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. त्या दिवशी घरात पांढरा दोरा नव्हता. "कोण बघतंय," असं पाटीवाले म्हणाले होते. छातीवर हात तसाच, बोटं जुळलेली, तळवा सपाट.

चेहरा बघायचा तर चिमट्याचं तोंड बोटभर वर उचलायचं होतं. माझा हात चिमट्याच्या दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"माझंच चुकलं," मी मोठ्याने म्हणाले. रिकाम्या खोलीत ते फार मोठं वाटलं. लागलं ती जागा ते दाखवताहेत, अशीच माझी समजूत झाली. बघ, इथे लागली, तुझ्या हातची. अकरा वर्षं मी याचीच वाट बघत होते, त्यामुळे भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

शुक्रवारी मी दुकान उघडलं नाही. दुपारी दादाचा फोन आला.

"दुकान बंद का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. एक जुना दहापटीचा आलाय. त्याने जरा मन खट्टू झालं."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"कुणाचा?"

"जुनाटरावांचा."

"परत पाठव," दादा म्हणाला. "हातसुद्धा लावू नकोस. कशाला खपली काढतेस? उद्याच्या उद्या परत पाठव, ऐकतेस ना?"

"ऐकते," मी म्हणाले. माझी किती काळजी करतो, असं वाटून डोळे भरून आले. ते आठवलं की अजून माझा मलाच राग येतो.

५

शनिवारी सकाळी स्कोप परत पाठवायच्या तयारीनेच गेले. डोळा लावायचा नाही, असं ठरवलं होतं. खोका काढला, कागद काढला, चिमटा सैल केला. नळीला वरून काळा रंग दिलेला, हौशी माणसाने दिलेला, कडेला ओघळ आलेले. बाजूच्या बटणाची टोपी जरा सैल लागली. सैल टोपी तशीच पाठवायची नाही, ही सवय. घट्ट करायला गेले, ती हातातच आली.

टोपीखाली एक बारीक स्क्रू असतो. तो उघडल्याशिवाय आतल्या कडीपर्यंत कुणालाच पोचता येत नाही. त्या स्क्रूवर मरून रंगाचा एक थेंब होता.

माझ्या लग्नातली नखांना लावायच्या रंगाची बाटली. ती नखांना दोनदाच लावली आणि उरलेली दुकानात आणली. जुळवणी झाली की स्क्रूवर अर्धा आणि नळीवर अर्धा असा एक थेंब सोडायचा, म्हणजे पुढे कुणी उघडलं की थेंब तडकतो आणि खोटेपणा कळतो. हे सगळेच करतात. मी त्यात आणखी एक करायची. थेंब ओला असताना त्यावर आपला एक केस आडवा ठेवायची. केसासकट थेंब पुन्हा बनवता येत नाही. ही युक्ती दादाला माहीत नव्हती. फक्त पाटीवाल्यांना सांगितली होती, आणि ते हसले होते.

मी डोळ्याला भिंग लावून बघितलं. थेंब अखंड होता. त्यात केस होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काळा कुळकुळीत. माझे केस आता सगळे पांढरे आहेत. काळ्या केसांच्या दिवसांत दहापटीचा स्कोप मी एकच जुळवला होता, त्या शनिवारचा.

मी खुर्चीवर बसले. मग उठले आणि स्कोप तपासणीच्या नळीवर चढवला. ती नळी फुली किती सरकली ते सांगते, माझं किंवा कुणाचंही ऐकत नाही. वरखाली काही नाही. डावीउजवीकडे काही नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी तो जिथे ठेवला होता तिथेच तो होता. अकरा वर्षांत पाच ठिपके तर सोडाच, पाव ठिपकाही सरकला नव्हता.

हा स्कोप कुणी उघडलाच नव्हता. मग निसटलेली कडी कुठून आली? माझ्याच टेबलाखालच्या भंगाराच्या डब्यातून. तिथे अशा कड्या मूठभर पडलेल्या असायच्या.

केसाने गळा कापला म्हणतात. माझा गळा कापला गेला होताच, तो कुणी कापला ते एका केसाने सांगितलं. मी रडले नाही. प्रत्येक रविवार आठवला. प्रत्येक डबा आठवला. डोक्यावर ठेवलेला त्याचा हात आठवला आणि मी मोरीत जाऊन डोकं पाण्याखाली धरलं.

ओल्या केसांनीच परत आले तेव्हा चांदमारीच्या खुणा मला आठवल्या. त्या मी मनातून पुसून टाकल्या होत्या. गोळी वर गेली तर दोन्ही हात वर. डावीकडे गेली तर डावा हात आडवा, उजवीकडे गेली तर उजवा. आणि जिथे नेम धरला तिथेच, बरोबर मधोमध लागली, तर उजवा तळवा सपाट छातीवर.

पाटीवाले जखम दाखवत नव्हते. ते नेम वाचत होते.

६

जुनाटरावांना फोन केला. माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"हा स्कोप तुम्ही कुणाकडून घेतलात?"

"काय झालं? खराब आहे का?"

"नाही. इतका चांगला क्वचित बघायला मिळतो."

ते खुलले. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. तुमच्या बंधूंकडूनच. कपाटात लोकरीत गुंडाळून ठेवला होता. म्हणाले, नजर गेली, आता कुणाला तरी कदर आहे त्याला द्यावा. पण मला बजावलं बरं का, हिच्याकडे नेऊ नका. म्हटलं, नाही नेत. पण ताई, तुम्हीच सांगा, तुमच्याशिवाय याला हात लावायला देऊ कुणाला?"

"बरं केलंत," मी म्हणाले.

म्हणजे तळ्यात टाकलाच नव्हता. रंग दिला, लोकरीत ठेवला. इतका चांगला स्कोप फेकायला त्याचं मन धजलं नाही. आपल्या मेव्हण्यावर रायफल रोखताना धजलं आणि स्कोप फेकताना नाही. यावर मी विचार करत बसले, तर मला त्यात नवल वाटेना. दादाला मी लहानपणापासून ओळखत होते, पण फक्त इतकंच ओळखत होते.

आणखी एक गोष्ट होती, ती मी मनाच्या तळाशी ठेवून दिली होती. पाटीवाले आणि मी वेगळं दुकान काढणार होतो. दादाला कसं सांगायचं यावर आठवडाभर आमचं चाललं होतं. शेवटी पाटीवाले म्हणाले, शनिवारी मैदानावर मीच सांगतो. सांगितलं की त्याआधीच ते झालं, हे मला कधी कळलं नाही. दादाला विचारावं, असंही कधी वाटलं नाही.

स्कोप परत चिमट्यात बसवला. डोळा लावला नाही. खालच्या मजल्यावर शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं आणि जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या. मग थांबली. मी वाट बघितली. वर कुणी आलं नाही आणि खाली कुणी गेलं नाही.

७

रविवारी दादा दीड वाजता आला. दारात चपला काढल्या, हात धुतले, डबा कुठे आहे ते बघितलं. डबा नव्हता. मग त्याने चिमट्याकडे बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्याच्या, तरी ते लांबट काळं त्याने ओळखलं.

"पाठवला नाहीस अजून?"

"दादा, त्या दिवशी तू स्कोप उघडलास, तेव्हा कडी कुठली निसटली होती? पुढची का मधली?"

"कुठली कडी?" तो म्हणाला.

नाटक नव्हतं ते. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्या कडीसाठी माझी मुलगी गेली होती. ती कडी अकरा वर्षं माझ्या घशात अडकली होती आणि हा माणूस ती ठेवून विसरून गेला होता. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, तो काहीतरी सांगेल, मी ऐकून घेईन, आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते सगळं तिथे संपलं.

"हां, ती होय," तो मग म्हणाला. "मधली. जाऊ दे ना छोटे. हातून होतं..."

"एकदा यातून बघ."

"मला काय दिसणार? टाकीसुद्धा दिसत नाही हल्ली, सात तर लांबच."

"तरी बघ."

त्याला नाही म्हणता आलं असतं. पण तो दहापटीचा होता आणि दादा दादा होता. स्टूल ओढून बसला, तळहाताने डोळा पुसला आणि वाकला. मी त्याच्या मागे उभी राहिले.

"धुरकट आहे सगळं," तो म्हणाला. "नुसतं धुर..."

त्याचा श्वास ऐकू येईनासा झाला. खाली शिवणयंत्र चालू होतं. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मानेवरचे पांढरे केस उभे राहिलेले मी पाहिले. मग त्याचा डावा हात मांडीवरून उठला. त्याने उचलला असं मला वाटत नाही, इतका तो हळू उठला. खांद्यापर्यंत आला, डोक्याच्या वर गेला आणि तिथे थांबला, बोटं उघडी. मैदानावर हजार वेळा बघितला होता तो हात.

दिसलं. मधोमध.

"पाटीवाल्यांनी तुला सांगितलं होतं ना?" मी विचारलं. "वेगळ्या दुकानाचं?"

"सांगितलं होतं," दादा म्हणाला. त्याने डोळा काढला नाही. "पाटीकडे जाता जाता सांगितलं. हसत सांगितलं."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी ओरडेन किंवा खाली बसेन. मी नुसती उभी होते. पायांत बळ होतं, इतकं बऱ्याच वर्षांत नव्हतं.

"छोटे," तो म्हणाला. आवाज लहान झाला होता, लहानपणी मारामारी करून घरी यायचा तसा. "त्याने छातीवरचा हात काढला."

त्या हाताखाली काय होतं ते मला बघायचं नव्हतं. मी खिडकीशी गेले, रस्ता बघितला. कुणी नव्हतं. ऊन होतं, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत होते, लांब टाकीवर सात होता. रबरी झाकण उचललं आणि स्कोपाच्या पुढच्या भिंगावर नीट दाबून बसवलं.

"झाकलं मी, दादा. डोळा काढ आता."

"तरी दिसतोय," तो म्हणाला.

हात वरच होता. मी त्याला हात लावला नाही. जेवायला वाढलं नाही, पाणी विचारलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक स्कोपाला मी एक चिठ्ठी बांधते, खाली कार्बन घालून, एक प्रत गिऱ्हाइकाला आणि एक माझ्याकडे. तारीख घातली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं, दहापटीचा, जुना. अकरा वर्षांपूर्वी कुणी जुळवला ते लिहिलं आणि सही केली. थेंब आणि केस जागच्या जागी असल्याचं लिहिलं. दोषाच्या रकान्याशी जरा थांबले, मग लिहिलं, दोष नाही.

कार्बनखालची प्रत फाडून पाकिटात घातली आणि पाकिटावर मुलीचा पत्ता लिहिला. वरची प्रत स्कोपाला बांधायची होती. पण तिथून अजून दादाचा डोळा हलला नव्हता, म्हणून मी ती हातात धरून बसून राहिले.